गेनूनानांचा ड्रायव्हर

गेनूनानांच्या काठीला सायकलची घंटी बसवलेली होती. मुठीच्या जरा खाली, अंगठा सहज पोहोचेल अशी. चुलीवरचा चहा उकळून वर आला की नाना ओट्यावरून एक घंटी द्यायचे, म्हणजे नानीने पातेलं उतरवायचं. कप हातात आला की दोन घंट्या, म्हणजे आता तू तुझ्या कामाला जा. देवळात बैठकीला कोणी बोलत सुटला की कोपऱ्यातून एकदाच ‘टिंग’ व्हायचं आणि बोलणारा खरोखर गप्प बसायचा. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे आमच्या वाडीत कोणाला सांगावं लागत नसे. निम्म्या वाडीला नानांनी कधी ना कधी एसटीतून मंचरला नेऊन सोडलेलं होतं.

नाना एसटीत कंडक्टर होते, नारायणगाव ते मंचर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सुटलेल्या गाडीच्या दारात. माझं माहेर नारायणगावच्या अलीकडे आणि कॉलेज मंचरला. त्या दिवशी पेपर होता आणि मी आईशी भांडत बसल्यामुळे उशीर झालेला. गाडी निघाली, मी मागे धावले, एका चपलेचा अंगठा तुटला तशी ती हातात घेऊन धावले. तेवढ्यात दारातून एक खाकी बाही बाहेर आली आणि आत घंटी वाजली. एकच. गाडी थांबली. आतली माणसं कुरकुरली, टोमॅटोची पाटी घेऊन बसलेले एक आजोबा तर म्हणाले, “अशानं बाजार उठंल, मास्तर.”

“बाजार उठू द्या,” नाना म्हणाले. “पॅसेंजर मागं ठिवून जी पुढं जाती तिला गाडी म्हनत न्हाईत, बाबा. तिला मालट्रक म्हन्त्यात.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आन् पोरी, ती चप्पल ठिव खाली. पेपर काय पायानी लिहायचाय?”

पुढे माझं लग्न झालं आणि मी कळंबच्या अलीकडच्या या वाडीत सून म्हणून आले. माप ओलांडायच्या आधीच शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, “अरं, ही तर आपली चप्पलवाली!” सगळं वऱ्हाड माझ्या पायांकडे बघायला लागलं. तो किस्सा मला घरात शिरल्याबरोबर सासूबाईंना सांगावा लागला. तेव्हापासून नानांनी मला माझ्या नावाने क्वचितच हाक मारली असेल.

रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर पेपर वाचत बसतात. नानांनी मेंढरं घेतली. खरं तर त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, आणि लहानपणी त्यांच्यामागे धावून धावून वैताग आल्यामुळेच ते एसटीत लागले होते. मी म्हटलं, नाना, मग परत तेच का? ते म्हणाले, “तीस वर्षं मानसं राखली. ऐकली का? मग म्हनलं, मेंढरं बघू. ती बी ऐकत न्हाईत. पन निदान सुट्ट्यावरनं भांडत तरी न्हाईत.”

मेंढरांना त्यांनी एसटीच्या पाट्यांवरच्या गावांची नावं दिली होती. एक मंचर, एक एकलहरे, एक कळंब, एक ओतूर. मेंढा मोठा, शिंगवाला, सगळ्यांच्या पुढे चालणारा, त्याचं नाव शिवाजीनगर. सकाळी नाना ओट्यावरून ओरडायचे, “अगं, पेठ लंगडतीया बघ!” आणि रस्त्याने जाणारा एखादा परका माणूस चमकून उभा राहायचा. आळेफाटा नावाची एक काळ्या तोंडाची मेंढी होती. ती कळपात कधी टिकायचीच नाही. सगळी एका वाटेने चालली की हिला दुसरी वाट हवी. नाना तिला फुकटी म्हणायचे, कारण त्यांच्या मते बिनतिकिटाचे पॅसेंजर असेच दाराच्या आसपास घोटाळतात.

पुढे नानांचे गुडघे गेले. हलत्या गाडीत इतकी वर्षं उभ्याने काढल्यावर दुसरं काय होणार. मेंढरांचं रान जुन्या हमरस्त्याच्या पलीकडे, टेकडीवर. बायपास झाल्यापासून मोठी वाहनं बाहेरून जातात, पण टोमॅटोचे टेम्पो, वडापच्या जीपा, एसट्या अजून याच रस्त्याने येतात. तो ओलांडायचा, मग अलीकडे आमच्या कांद्याच्या कडेकडेने घरी यायचं. मेंढरं चार दिशांना फुटायची आणि नाना काठी टेकत, घंटी वाजवत, घामाघूम होऊन त्यांच्यामागे. एकदा तर ते रस्त्याच्या मधोमधच बसले. गुडघा वळेना.

त्यांचा मुलगा संतोष मोशीला कंपनीत होता. चांगला मुलगा. त्याने फ्लॅट घेतला होता आणि आईवडिलांनी तिकडे यावं असं त्याला मनापासून वाटत होतं. नानीलाही वाटत होतं. तिला नातवंडं हवी होती, आणि मेंढरांच्या वासाचा तिला पहिल्यापासून तिटकारा. प्रश्न नानांचा होता. ते एकदा तिकडे राहून आले होते. “लिफ्टमधी मानसं गप उभी ऱ्हात्यात गं,” ते मला जवळजवळ कुजबुजत म्हणाले, काहीतरी भयंकर पाहिल्यासारखे. “आमच्या गाडीत उभ्या उभ्या सोयरिकी जमायच्या. तिथं शेजारच्याला इचारलं, कुठं निघाला पावणं, तर त्यानं मोबाईल काढला. मी तिथं लई दिवस काढायचो न्हाई, पोरी. आतल्या आत सडंन.”

तर असं होतं सगळं. गुडघे चालेनात, म्हणजे मेंढरं जाणार. मेंढरं गेली की इथे राहायला कारण उरणार नाही आणि नाना लिफ्टमध्ये जाणार.

गंमत अशी की उपाय संतोषनेच आणला. दिवाळीला आला तेव्हा मोबाईलवर त्याने वडिलांना कुठल्यातरी थंड देशातली एक चित्रफीत दाखवली. म्हातारा शीळ घालतोय आणि एक कुत्रा शेकडो मेंढरं हिरव्या डोंगरावरून गोळा करून आणतोय. नानांनी ती परत लावायला सांगितली. मग परत. संध्याकाळपर्यंत संतोषच्या मोबाईलची बॅटरी संपली.

हिवाळ्यात आमच्याकडे धनगर येतात, शेतात मेंढरं बसवायला. रात्रभर वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसली की लेंडीखताने जमीन तयार होते, म्हणून त्यांना सगळेच बोलावतात. त्यातले लिंबाजी दरवर्षी आमच्या रानात उतरायचे. नानांनी त्यांना आपला बेत सांगितला तेव्हा ते पोट धरून हसले. “नाना, आमचं कुत्रं राखतं. वळत न्हाई. बिबट्या आला तर जीव दिल, पन मेंढरू बांधावरनं माघारी आन म्हनाल तर तुमच्याच तोंडाकडं बघंल.” पण हसून झाल्यावर त्यांनी एक पिल्लू दिलं. तांबूस, एक कान दुमडलेला, पंजे अंगापेक्षा मोठे. मोठा झाल्यावर गळ्यात घालायला खिळ्यांचा पट्टाही दिला, आमच्याकडे बिबट्या उसातच राहतो म्हणून.

नानांनी त्याचं नाव ठेवलं ड्रायव्हर. “मी कंडक्टर. मग तो कोन?” ते म्हणाले, आणि हा त्यांना इतका सरळ हिशोब वाटत होता की पुढे कोणी विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते “ए ड्रायव्हर, थांब की!” असं ओरडले की एखादा टेम्पोवाला कचकन ब्रेक दाबायचा आणि मग शिव्या देत निघून जायचा.

शिकवणी सुरू झाली ती नानीच्या कोंबड्यांवर. नानांचं म्हणणं, नवीन ड्रायव्हरच्या हाती एकदम मोठी गाडी देत नाहीत. दोनच दिवसांत कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या आणि नानीने लाटणं घेऊन गुरुशिष्य दोघांनाही अंगणाबाहेर काढलं. तेव्हा मग मेंढरं. कुत्र्याच्या गळ्यात लांब दोर, नानांच्या हातात काठी आणि खांद्याला नोकरीतली जुनी चामड्याची पिशवी. तिच्यात भाकरीचे तुकडे. एक घंटी वाजली की कुत्र्याने जिथे असेल तिथे बसायचं. बसला की तुकडा. दोन घंट्या वाजल्या की उठून चालायचं. हे तो फार लवकर शिकला, माझ्या धाकट्या दिरापेक्षा तर नक्कीच.

अडलं ते पुढे. दोर सोडला की ड्रायव्हर सरळ मेंढरांच्या अंगावर जायचा. मेंढरं उधळायची, त्याला वाटायचं खेळ रंगात आला. एकदा त्याने ओतूरच्या मागच्या पायाला दात लावले. नानांनी त्याला खुंट्याला बांधलं. मी विचारलं, आज हा इथे कसा? “सस्पेंड हाय,” नाना गंभीरपणे म्हणाले. “पॅसेंजरची कंप्लेंट हाय त्याच्यावर.”

मग ते आठवडाभर नुसते विचार करत बसले. एका सकाळी मला बांधावर गाठून म्हणाले, “सापडलं बघ. भरल्या गाडीत मानूस पुढं कसं सरकवायचं? ढकललं तर भांडतं. ओरडलं तर जाग्यावर रुततं. आपन त्याच्या मागं जाऊन गप उभं ऱ्हायचं. मंग ते आपोआप सरकतं. कुत्र्यानं मेंढराच्या मागं लागायचं न्हाई, नुसतं मागं ऱ्हायचं.” आणि खरंच, त्यांनी कुत्र्याला लांब वळसा घालून कळपाच्या पलीकडे नेऊन बसवायला सुरुवात केली. तो तिथे नुसता बसला तरी मेंढरं अलीकडे सरकायची, नानांकडे. थोडा उठला की थोडी सरकायची. हे ज्या दिवशी ड्रायव्हरच्या डोक्यात उतरलं त्या दिवशी तो स्वतःच इतका चकित झाला की मेंढरं वाघुरीत शिरल्यावरही तसाच बसून राहिला.

रोज संध्याकाळी शेवटचा एक धडा असायचा. वाघुरीच्या तोंडाशी आलं की नाना एक घंटी द्यायचे आणि मोठ्याने विचारायचे, “कोनी राहिलंय का?” एसटी स्टँडातून निघताना विचारायचे तसंच. मग ड्रायव्हरने मागे जाऊन एक फेरी मारून यायचं. बहुतेक वेळा कोणी राहिलेलं नसायचं. असलं तर ती आळेफाटा असायची.

सगळं छान चाललं होतं, आणि माझे कांदेही. त्या वर्षी आमची लागण दृष्ट लागावी अशी आली होती. एका दुपारी मी खुरपत असताना नाना मेंढरं घेऊन रस्ता ओलांडून आले. आमच्या बांधाशी त्यांनी एक घंटी दिली, कुत्रा बसला, मेंढरं थांबली. नाना वाकून गुडघा चोळायला लागले. तेवढ्यात शाळा सुटली. सायकलींवरच्या पोरी घोळक्याने रस्त्याने निघाल्या आणि प्रत्येकीने, मुलींना जसं वाजवायला आवडतं तसं, टिंग टिंग, टिंग टिंग.

ड्रायव्हर उठला. त्याला दोन घंट्या ऐकू आल्या होत्या, तो चालू लागला. मेंढरं त्याच्यापुढून सरकली आणि समोर दुसरं काही नव्हतंच, माझे कांदे होते. शिवाजीनगर पुढे, त्याच्यामागे पुणे जिल्ह्याचा अख्खा उत्तर भाग. नाना एक घंटी देत होते पण पोरींच्या टिंगटिंगीत ती कुठे ऐकू येणार. मी आरडाओरडा करत धावले तशी मेंढरं आणखी आत पळाली. वाफेच्या वाफे तुडवले गेले.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचे हे शांत स्वभावाचे, पण तेही म्हणाले, “नाना, आता पुरं करा हे.” नाना मान खाली घालून ऐकत होते. संध्याकाळी ते आले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “तुमच्या त्या कोपऱ्यात माझी मेंढरं बसवतो. तुमी म्हनाल तितक्या राती. कांदं तर परत यायचं न्हाईत, पन जमीन तरी राग धरायची न्हाई.” तसं त्यांनी केलंही. राग मात्र मी धरला, चांगला आठवडाभर.

बातमी मोशीला पोहोचली. संतोष आला, बापाशेजारी बसला आणि समजुतीने म्हणाला, “दादा, झालं तेवढं बास. मेंढरं चाकणच्या बाजारात घालू. हे कुत्रं लिंबाजीबाबाला परत देऊ. तुम्ही दोघं चला.” नाना घंटी पुसत बसले. शेवटी नानीने तोंड उघडलं. तिचा मान मोठा, नाना तिला डेपो मॅनेजर म्हणायचे. ती म्हणाली, “संतू, पुढल्या खेपेला येशील तवा गाडी घिऊनच ये. त्या दिशी हे एसटीच्या थांब्याच्या बाकावर बसतील. बसतील म्हंजे बसतील, उठायचं न्हाई. कुत्र्यानं टेकडीवरनं सारी मेंढरं आनून, रस्ता वलांडून, या चप्पलवालीच्या कांद्याला तोंड न लावता वाघुरीत घालायची. घातली, तर मी पुन्यांदा मोशीचं नाव काढायची न्हाई. न्हाई घातली, तर यांनी त्याच गाडीत बसायचं. तक्रार न करता.”

“मंजूर,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझा राग बाजूला ठेवून विचारलं, आता घंटी काढणार का? ते म्हणाले, “घंटीचा काय दोष? चूक माझी शिकवन्याची. ड्रायव्हर घंटीवर चालतो खरं, पन आधी आरशात बघतो. मी याला आरसा द्यायचाच इसरलो.” आरसा म्हणजे नाना स्वतः. आता दोन घंट्या ऐकल्या की कुत्र्याने आधी मान वळवून नानांकडे बघायचं. नानांनी काठी वर केली तरच निघायचं. नुसती घंटी खोटी.

या शिकवणीत सगळी वाडी सामील झाली. नानांनी शाळेच्या पोरींना विनंती केली की माझ्या कुत्र्याला फसवा. पोरी काय, आनंदाने तयार. येता-जाता टिंग टिंग. सासूबाई पूजेची घंटा घेऊन दारात यायच्या. आमचे हे सुद्धा मोटरसायकल थांबवून दोनदा हॉर्न द्यायचे आणि गालात हसायचे. सुरुवातीला ड्रायव्हर प्रत्येक वेळी फसला. मग निम्म्या वेळा. मग त्याने मान वळवायला सुरुवात केली, आणि एकदा ती सवय लागल्यावर तो इतका संशयी झाला की जेवणाची थाळी पुढे आली तरी आधी नानांकडे बघायचा.

संतोष गाडी घेऊन आला त्या दुपारी थांब्याजवळ जत्रेसारखी गर्दी होती. नाना इस्त्रीचा खाकी शर्ट घालून सिमेंटच्या बाकावर बसले होते, काठी दोन्ही हातांत धरून. शेजारी नानी, तिच्या पायाशी कपड्यांनी भरलेली पिशवी. ती तिने मुद्दामच आणली होती. मी माझ्या कांद्याच्या बांधावर, हातात फोक घेऊन. कौतुक वगैरे ठीक आहे, पण कांदे माझे होते.

नानांनी काठी वर करून दोन घंट्या दिल्या आणि ड्रायव्हर टेकडीकडे निघाला. थोड्या वेळाने वरून मेंढरं उतरताना दिसली. मागे तांबडा ठिपका, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला कळप आला तशी नानांनी एक घंटी दिली. कुत्रा बसला. मेंढरं थांबली. त्याच वेळी नारायणगावकडून एसटी आली आणि थांब्यावर उभी राहिली. दोन बाया उतरल्या आणि आतल्या कंडक्टर पोरीने दोन घंट्या मारल्या. टण टण. माझ्या हातातला फोक वर गेला. ड्रायव्हरने मान वळवून नानांकडे पाहिलं. काठी खालीच होती. तो बसून राहिला.

एवढ्याने लोकांनी टाळ्या वाजवल्या. एसटीच्या ड्रायव्हरनेही गंमत ओळखून इंजिन बंद केलं. रस्ता दोन्हीकडे मोकळा आहे असं बघून नानांनी काठी वर केली आणि घंटी दिली. टिंग टिंग.

कुत्रा उठला, एक पाऊल चालला आणि परत बसला.

नानांनी पुन्हा दिली. काठी चांगली उंच. कुत्र्याने नानांकडे पाहिलं, मग मागे टेकडीकडे पाहिलं, आणि चक्क पाठ फिरवून टेकडीच्या दिशेने पळत सुटला. माणसं खो खो हसली. एसटीतून कोणीतरी ओरडलं, “मास्तर, तुमचा ड्रायव्हर ड्यूटी सोडून पळाला!” संतोष हसला नाही. त्याने खाली वाकून आईची पिशवी उचलली. नानांचा चेहरा मला बघवेना. मेंढरं तिकडे रस्त्याच्या कडेला एकटीच उभी. नाना अर्धवट उठले तशी नानी म्हणाली, “उठायचं न्हाई ठरलंय.” ते बसले. त्यांनी एक घंटी दिली, आता कोणासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. पण इतके महिने ऐकून मेंढरांनाही ती पाठ झाली होती. शिवाजीनगर हलला नाही, म्हणून कोणीच हललं नाही.

मग बोरीच्या जाळीमागून आळेफाटा बाहेर आली. लोकरीत काटे अडकलेले, तोंड रागावलेलं. तिच्या मागे, अंगाला न लागता, जितकं अंतर ठेवायला शिकवलं होतं तितकंच ठेवून, ड्रायव्हर. त्याने तिला कळपात घातली, आपल्या जागेवर जाऊन बसला आणि मान वळवून नानांकडे पाहिलं. आता सोडा म्हणून.

नानांना काठी उचलायला जरा वेळ लागला. टिंग टिंग. मेंढरं रस्ता ओलांडून आली, माझ्या बांधाला लागून एका रांगेत गेली, एकीनेही पातीला तोंड लावलं नाही, आणि वाघुरीत शिरली. एसटीतली माणसं खिडक्यांमधून ओरडत होती. नाना डोळे पुसत म्हणाले, “चुकलं माझं. त्याचं नाव चुकलं. त्यो ड्रायव्हर न्हाई गं, त्यो कंडक्टर हाय.”

नानीने संतोषच्या हातातून पिशवी काढून घेतली. “तू नीघ, बाबा, अंधार पडायच्या आत,” ती म्हणाली. “पोरांना सुट्टीत इकडं धाडत जा. आमची काय आता जागा हलत न्हाई.” मी संतोषच्या गाडीत कांद्याची गोणी टाकली. रिकामी गाडी कशी पाठवायची.

त्यानंतर नाना चांगली काही वर्षं बाकावर बसून मेंढरं राखत होते. लिंबाजी दर हिवाळ्यात येऊन तो कुत्रा बघायचे आणि डोकं खाजवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या नानांसमोर उगाचच हळू व्हायच्या. गेल्या पौषात एका सकाळी नानीने चहाचा कप आणून त्यांच्या हातात दिला आणि दोन घंट्यांची वाट बघत उभी राहिली. घंटी वाजली नाही. इतक्या शांतपणे माणूस जाऊ शकतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मला फार रडू आलं, माझ्या वडिलांच्या वेळेला आलं होतं तितकंच.

तेरावं झालं. संतोष आईला न्यायला थांबला होता. नानी म्हणाली, “मेंढरं कोन बघंल?” हीच बाई, जिला वास सहन होत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने नानांची काठी घेतली, चामड्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि मेंढरं रानाकडे काढली. मी सोबतीला गेले. रस्त्याच्या कडेला तिने एक घंटी दिली. कळप थांबला, कुत्रा बसला. रस्ता मोकळा झाला तशी तिने काठी वर करून दोन घंट्या दिल्या.

तो उठला नाही. तिने पुन्हा दिल्या. मेंढरं सगळी होती, आळेफाटासुद्धा होती. ड्रायव्हर मान वळवून थांब्याच्या रिकाम्या बाकाकडे बघत होता. टोमॅटोचा एक टेम्पो आला, मी हात करून थांबवला. तो बिचारा काही न विचारता थांबला.

नानी कुत्र्याजवळ गेली. तिने त्याच्या खिळ्यांच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि पिशवीतला तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. “कोनी राहिलं न्हाई रं, बाबा,” ती म्हणाली. “त्यांचा स्टाप आला, ते उतरले. आपल्याला अजून पुढं जायचंय.”

मग तिने घंटी दिली. तो जरा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला, उठला आणि कळपाच्या मागे जाऊन उभा राहिला. मेंढरं सरकली. रस्ता ओलांडून होतो न होतो तोच आळेफाटा ओढ्याकडे फुटली आणि तो तिला वळवायला धावला.